चित्राची उलटतपासणी

संगणकाला 'राजगड' म्हटलं की तो लाल दगडाच्या तटावर घुमट चढवतो, समोर एक तळं ठेवतो आणि तळ्यात सूर्यास्त बुडवतो. चित्र देखणं असतं. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असं चित्र पडलं की खाली टाळ्यांची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी ते कुठल्या तरी वर्गाच्या टीव्हीवर झळकतं. गंमत अशी, की त्यातल्या काही वर्गांच्या खिडकीतून मान बाहेर काढली तर खराखुरा राजगड दिसतो.

मी भोरला राहते आणि वेल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तालुक्याचं नाव सरकारनं २०२४ मध्ये राजगड केलं, पण एसटीत तिकीट मागताना तोंडात अजून वेल्हेच येतं. चौथी माझ्याकडे आहे, म्हणजे तिसरीही माझ्याकडेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतलेली चित्रं वर्गात आणूच नयेत, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आणते. माझं म्हणणं एवढंच, की त्यांना वर्गात साक्षीदाराची जागा देऊ नका. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा आणि उलटतपासणी मुलांना घेऊ द्या. शिक्षण होतं ते त्या उलटतपासणीत.

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ, कारण यात त्याचा खोडसाळपणा काही नाही. इंटरनेटवरचं चित्र आणि त्याखालचं वर्णन अशी जोडी घ्यायची, चित्रावर थोडा थोडा धुरळा टाकत ते पार दिसेनासं करायचं आणि वर्णनाच्या आधारानं धुरळ्यातून चित्र परत कसं काढायचं, हे यंत्राकडून घोटून घ्यायचं. असं कोट्यवधी वेळा घोटल्यावर ते नुसत्या धुरळ्यातूनही 'किल्ला' काढून दाखवतं. कोणता किल्ला? ज्याची ओळख त्याला सगळ्यात जास्त वेळा करून दिली गेली, तो. २०२२ मध्ये आलेल्या 'स्टेबल डिफ्यूजन'ला ज्या 'लायन' नावाच्या साठ्यातून शिकवलं, त्याच्या मोठ्या संचात सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी एकट्या इंग्रजीतल्या आणि शंभराहून अधिक भाषा मिळून उरलेल्यांत. राजस्थानातल्या किल्ल्यांचे फोटो जगभरच्या पर्यटकांनी नावगाव लिहून टाकले. राजगडाचे फोटो आपल्या ट्रेकर मंडळींनीही टाकले, पण खाली लिहिलं 'रविवार सार्थकी'. संजीवनी माचीचा दुहेरी चिलखती तट त्या फोटोत असतो, शब्दांत नसतो. यंत्रानं तो ओळखायचा कसा?

हे फक्त किल्ल्यांचं नाही. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकानं २०२३ मध्ये 'मिडजर्नी'कडून तीन हजार चित्रं काढून घेतली. 'भारतीय माणूस' म्हटल्यावर जवळपास दर वेळी दाढीवाला म्हाताराच समोर आला. आमच्या शाळेच्या आवारात भर दुपारी उभं राहिलात तर दाढीवाला म्हातारा शोधून सापडणार नाही. सगळे दहा वर्षांच्या आतले भारतीय.

आता वर्गात काय होतं ते सांगते. आषाढात इथं भातलावणी ऐन भरात असते आणि हजेरी निम्म्यावर येते, कारण घरी हात कमी पडतात. जी मुलं येतात त्यांच्या पायाला चिखल असतोच. अशा दिवसांत मी लावणीचं चित्र काढायला देते. आधी कागद आणि खडू. हा क्रम मी कधी बदलत नाही. यंत्राचं गुळगुळीत चित्र एकदा पाहिलं की लाजऱ्या मुलाचा हात आखडतो. 'बाई, मला तसं नाही येत' हे वाक्य मला ऐकायचं नसतं. हाताची चित्रं भिंतीवर लागली की मग वर्गानं मिळून एक वाक्य सांगायचं, ते मी मराठीत मोबाईलवर लिहायचं. रेंज शाळेमागच्या बांधावरच मिळते, तेव्हा बांधावर जाऊन चित्र मागवायचं आणि आत येऊन टीव्हीवर लावायचं.

पहिलं वाक्य नेहमी आखूड असतं: 'बायका शेतात भात लावत आहेत.' चित्र येतं. हिरव्यागार पायऱ्यापायऱ्यांची शेतं, टोकदार टोप्या घातलेल्या बायका, मागं धुक्यातले डोंगर. कुठला तरी पूर्वेकडचा देश. एक क्षण सगळे 'आऽऽ' करतात. मग खटला सुरू होतो.

'बाई, या उभ्या राहून लावतायत. वाकल्याशिवाय रोप चिखलात जाईल कसं?'

'बाई, भाताला लोंब्या आल्यात आणि या अजून लावतायत!'

सगळ्यात बारीक नजर होती एका मुलीची. एरवी ती हजेरीलाही पुटपुटते. ती म्हणाली, लावणी करताना माणूस मागं मागं सरकतो. म्हणजे लावलेली रोपं तोंडासमोर पाहिजेत आणि पाठीमागं मोकळा चिखल. चित्रात रोपं पाठीमागं होती. 'या आपलीच रोपं तुडवत चालल्यात.' मी इतकी वर्षं लावणी पाहते आहे, पण हे असं शब्दांत मांडायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मग चुकांची यादी फळ्यावर. यादीवरून नवं वर्णन. बायका कमरेत वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची मूठ, खाचरात घोट्याच्या वर पाणी, खाचराला बांध, बांधावर राबातून उपटून आणलेल्या रोपांच्या जुड्या, वरून पाऊस. नवं चित्र बरंच सुधारलं. पण पाऊस म्हटल्याबरोबर यंत्रानं सगळ्यांच्या हातात छत्र्या दिल्या. एका हातात छत्री, एका हातात रोप. वर्ग हसून लोळला. 'छत्री नाही, इरलं' असं लिहून पाहिलं. यंत्रानं आपल्या मनानं काहीतरी टोपलीसारखं डोक्यावर ठेवलं. मग इरलं कसं असतं ते समजावून लिहायची वेळ आली आणि तिथं वर्गाचं अडलं, कारण हल्ली सगळे प्लॅस्टिकचा कागद पांघरतात. दुसऱ्या दिवशी एका मुलानं घरच्या माळ्यावरून आजोबांचं इरलं काढून आणलं. बांबूच्या कांबी, मध्ये पानांचे थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. प्रत्येकानं ते पाठीवर घेऊन वाकून पाहिलं. हात दोन्ही मोकळे राहतात, हे तेव्हा पटलं. यंत्राला जे जमलं नाही त्यापायी खरी वस्तू वर्गात आली. परिसर अभ्यासाचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

भाषेच्या अंगानंही काहीतरी घडतं. 'पावसाळा' या विषयावर निबंध द्या, मुलं 'पाऊस रिमझिम पडतो' लिहून थांबतात. का थांबू नये? वाचणाऱ्या बाईंना पाऊस माहीत आहे. जे समोरच्याला माहीत आहे ते कशाला लिहायचं, हा मुलांचा हिशेब बरोबरच असतो. इथं वाचणाऱ्या यंत्राला खरंच काही माहीत नसतं. डावा हात म्हटलं नाही तर ते उजवा काढतं. बांध म्हटलं नाही तर बांध घालत नाही. नेमकं लिहिण्याची गरज मुलांना पहिल्यांदाच लागते. कोण, कुठं, कशात, कोणत्या बाजूला, आधी काय, नंतर काय. व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी पोरं एका विशेषणावरून भांडतात.

कुणी म्हणेल, ही यंत्रं दर सहा महिन्यांनी सुधारताहेत, उद्या ती लावणी बिनचूक काढतील, मग तुमचा खटला कशावर चालणार? सुधारताहेत हे खरं. मराठी पाटीवरची जोडाक्षरं पूर्वी शेवयांसारखी यायची, आता पुष्कळदा वाचता येतात. पण मला भीती वाटते ती याच सुधारणेची. घुमटवाला राजगड चौथीतलं पोर एका नजरेत ओळखतं. उद्याच्या चित्रात माच्या तीन असतील, रंग आपल्या कातळाचा असेल, सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, तेही असेल, फक्त ते भलत्या टोकाला असेल. ती चूक पकडायला गड पाहिलेला डोळा लागेल आणि शंका घ्यायची सवय लागेल. सवय आज, चुका ढोबळ आहेत तेव्हाच लागली पाहिजे.

इतिहासाच्या तासाला मी याहून कडक आहे. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपती आहेत, आणि भोर-वेल्ह्यात ते पुस्तक म्हणजे गावाचाच नकाशा. रायरेश्वरची शपथ, तोरणा, राजगड, कारीचे कान्होजी जेधे, सगळं इथलं. अशा ठिकाणी 'महाराजांचा खराखुरा फोटो' म्हणून बनवलेली चित्रं ग्रुपवर फिरतात तेव्हा मला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे आठवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. बेंद्र्यांनी डचांच्या कागदपत्रांचा माग काढत महाराजांचं समकालीन चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये पुण्यात लोकांसमोर आणलं. एक चुकीचं चित्र लोकांच्या डोळ्यांतून काढायला एका संशोधकाची वर्षं गेली. आता तसलं चित्र मिनिटाला एक निघतं, आणि बेंद्रे काही मिनिटाला एक जन्माला येत नाहीत.

'मग पुस्तकातली चित्रंही कुणीतरी कल्पनेनंच काढलीत ना?' असं मला एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेलं महाराजांचं चित्र आपल्या सरकारी कचेऱ्यांत आहे. ते चित्र आहे हे पाहणाऱ्याला कळतं, चित्रकाराचं नाव सांगता येतं, त्यानं कशाचा आधार घेतला हे विचारता येतं. यंत्राचं चित्र फोटोचा वेष घेऊन येतं. फोटोची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. १६४५ च्या शपथेचा 'फोटो' पाहून मुलाला काही खटकलं नाही, तर आपण त्याला इतिहास शिकवलेला नाही. मोठ्यांचीही फसगत होते. गुगलच्या 'जेमिनी'नं २०२४ च्या फेब्रुवारीत १९४३ च्या जर्मन सैनिकांची इतिहासाशी इतकी न जुळणारी चित्रं काढली, की कंपनीला माणसांची चित्रं काढण्याची सोयच काही काळ बंद करावी लागली.

आणि जिथं खरे फोटो आहेत तिथं तर यंत्राचं काही कामच नाही. १२ जुलै १९६१ ला आमच्याच तालुक्यातलं पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुणं बुडालं. त्या दिवसाचे फोटो आहेत, वर्तमानपत्रं आहेत, आणि गावागावांत त्या वेळी शाळकरी असलेल्या आज्या आहेत. मुलांनी आजीला विचारून यावं, फोटो बघावेत, धरणाच्या भिंतीवर उभं राहावं. 'पुराचं थरारक दृश्य' बनवून घेण्याची गरज कुणाला आहे? ज्यांचं घर पाण्याखाली गेलं त्यांच्या नातवंडांना तर नाहीच.

चित्र बनवलेलं असतं, हे शिकवायला भोरच्या पोरांकडे एक सोपा धडा तयार आहे. इथल्या पंत सचिवांच्या राजवाड्यात कितीतरी चित्रपटांचं चित्रीकरण झालं. आपला वाडा पडद्यावर भलत्याच राजाचा, भलत्याच गावचा होतो, खांबांना रंग लागतो आणि मंडळी गेली की उतरतो, हे इथली माणसं बघत आली आहेत. माझ्या वर्गात मी तिथूनच सुरुवात करते. ओळखीच्या खांबाला बोट लावून 'हा आपला' म्हणणारं मूल यंत्राच्या चित्रालाही 'हे कुठलं?' विचारायला शिकतं.

उलट बाजूचं ऐकून घेतलं पाहिजे. दोन शिक्षकांच्या शाळेत चार इयत्ता, वर माहिती भरण्याची कामं. चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत. पहिली-दुसरीच्या चित्रवाचनाला चित्रं लागतात, आणि छापील तक्त्यांत सिग्नल, बाग आणि घसरगुंडी असते. धनगरवाड्यावरच्या किंवा कातकरी वस्तीवरच्या मुलाला त्यात स्वतःचं घर दिसत नाही. शिक्षकानं पाच मिनिटांत कौलारू घर, अंगणात कोंबड्या आणि चुलीवर तवा असं चित्र बनवून आणलं आणि अबोल मूल त्यावर बोलायला लागलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मुलांनी रचलेल्या गोष्टीला, म्हणजे तोरण्यावरून उडणाऱ्या म्हशीला, यंत्राचं चित्र झकास शोभतं. तिथं खरंखोटं काही नाहीच. फक्त त्या घराच्या बाबतीत एक सुचवते. घर खरं असेल तर शिक्षकाच्या खिशातल्या मोबाईलला कॅमेराही आहे. वस्तीवर जाऊन, घरच्यांना विचारून काढलेला एक फोटो शंभर बनवलेल्या चित्रांना भारी पडतो, आणि त्यानिमित्तानं वस्तीवर जाणं होतं हे वेगळंच.

लहान शाळांबद्दलही इथंच बोलते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची कल्पना मांडली, तेव्हा नमुना म्हणून दोन नावं घेतली: नंदुरबारचं तोरणमाळ आणि आमचं पानशेत. मोठ्या शाळेत साधनं येतात, सोबती मिळतात, हे मान्य. पण लहान शाळेचं एक बळ आहे. अख्खा वर्ग घेऊन मी दहा मिनिटांत खाचराच्या बांधावर पोचते. गाडीत बसून दूरच्या शाळेत गेलेल्या मुलांना त्यांचा स्वतःचा डोंगर टीव्हीवर दाखवायची पाळी येऊ नये, एवढं भान समूहशाळा आखणाऱ्यांनी ठेवावं.

यंत्रं वाटून शिक्षण होत नाही, हे आपण एकदा पाहिलं आहे. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या लाटेत गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. ज्या शाळेत शिक्षकानं त्यांना कामाला लावलं तिथं ते चालले, बाकी ठिकाणी त्यांच्यावर कापड आलं. चित्रं बनवणाऱ्या यंत्रांवर कापड टाकायची सोय नाही, ती फुकट खिशात आली आहेत. म्हणून शिस्त आधी ठरवावी लागेल.

माझी शिस्त थोडक्यात सांगते. जे चालत जाऊन दिसतं त्याच्या जागी बनवलेलं चित्र दाखवायचं नाही. मुलाचा हात आधी, यंत्र नंतर. यंत्र चालवायचं ते शिक्षकानं. युनेस्कोनं २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गातल्या अशा वापरासाठी किमान १३ वर्षं वय सुचवलं आहे आणि माझी मुलं नऊ-दहाची आहेत. प्रत्येक चित्राखाली 'संगणकानं बनवलेलं' असं लिहायचं, शेजारी आपण दिलेलं वर्णन आणि सापडलेल्या चुका. आणि मुलांचे फोटो कुठल्याही यंत्राला द्यायचे नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये जपानी कार्टूनच्या धाटणीची चित्रं करून घेण्याची साथ आली, तेव्हा वर्गावर्गांचे फोटो हौसेनं चढवले गेले. त्या मुलांच्या आईबापांना कुणी विचारलं होतं?

पण एकेका शिक्षकाची शिस्त पुरी पडणार नाही. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं आणि बालभारतीनं मिळून प्रत्येक तालुक्याचा खऱ्या चित्रांचा साठा उभा करावा. गडाचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो, भाताची राबापासून मळणीपर्यंतची कामं, अवजारं, घरं, जत्रा, झाडं, धरणं. प्रत्येक फोटोखाली गाव, तारीख आणि नेमकं मराठी वर्णन. शिक्षकांनी आणि मुलांनी काढावेत, गावानं तपासावेत आणि कुठल्याही शाळेला फुकट वापरता यावेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात राजगड आहे. सुरुवात तिथून करायला आणखी कुठलं निमित्त हवं? यंत्रं जर उद्या आमच्या चित्रांवरूनच शिकणार असतील, तर त्यांना शिकवणाऱ्यांत वेल्ह्याची चौथीही असू द्या. चुका काढायचं काम ती आजच करते आहे, तेही बिनपगारी.